नाव कळलं, डोळा वाचला

  आज आम्ही एका आजाराचा इतिहास सांगणार आहोत. आजाराचं नाव आहे लिम्फोमा, आणि तोही डोळ्याभोवती होणारा. नाव परकं आहे, आजारही फार जणींना होत नाही. तरी त्याच्यावर बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. ही गाठ दुखत नाही, म्हणून बाई थांबते. ती बहुतेकदा साठीच्या पुढं होते, म्हणून घरचे म्हणतात, ‘आता वय झालं, कुठं नेता?’ या दोन गोष्टींमुळं महिने जातात, कधी वर्षं जातात. आणि हा आजार असा आहे की वेळेवर ओळखला तर बहुतेक वेळा डोळा वाचतो आणि बाईही वाचते.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. बाहेरचा जंतू आला की त्याच्याशी लढायचं हे त्यांचं काम. मानेत, काखेत, जांघेत ज्या छोट्या ग्रंथी असतात, त्या या राखणदारांच्या चौक्या. कधी कधी यातलीच एक पेशी बिघडते आणि गरज नसताना वाढतच जाते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. त्यातून गाठ होते. तिला लिम्फोमा म्हणतात. हा कर्करोगाचाच एक प्रकार आहे. अशी गाठ डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात होऊ शकते, पापणीत होऊ शकते, आसवं तयार करणाऱ्या ग्रंथीत होऊ शकते, नाहीतर बुबुळामागच्या खोबणीत होऊ शकते.

दिसायला ती कशी असते? पापणी खाली ओढली तर आत गुलाबी, मऊ, मांसल चट्टा दिसतो. किंवा एक पापणी जड होऊन खाली येते. किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढं आल्यासारखा वाटतो. किंवा एकाचे दोन दिसू लागतात. आपल्याकडं कोळशाची धूळ आहे, चुलीचा धूर आहे. त्यानं डोळे लाल होतात, चुरचुरतात, पाणी येतं. म्हणून ‘धुळीचंच असेल’ असं म्हणणं सोपं जातं. कोणी म्हणतं वडस वाढलं, कोणी म्हणतं रांजणवाडी आहे, बसेल आपोआप. पण रांजणवाडी दुखते आणि थोड्या दिवसांत बसते. ही गाठ दुखत नाही आणि बसतही नाही.

आता इतिहासाकडं येऊ.

सात शरीरं आणि एक बाई

१८३२ साली लंडनमध्ये टॉमस हॉजकिन नावाच्या डॉक्टरांनी एक निबंध सादर केला. ते रुग्णालयात मेलेल्या माणसांची शरीरं उघडून आजार कुठं होता ते पाहण्याचं काम करत. त्यांनी सात माणसांची हकिकत लिहिली. सगळ्यांच्या ग्रंथी सुजून मोठ्या झाल्या होत्या, पाणथरी वाढली होती. हा नेहमीच्या सुजेपेक्षा वेगळा आजार दिसतो, असं त्यांनी मांडलं. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढं तीसेक वर्षांनी त्या आजाराला त्यांचंच नाव मिळालं.

पण नाव मिळालं तरी गोंधळ मिटला नाही. मानेत गाठी आल्या की त्या काळचे पुष्कळ डॉक्टर म्हणत, हा क्षयच. आपल्याकडंही आजवर तसंच होतं ना? गंडमाळ म्हणायचं आणि टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या. हा गोंधळ सोडवण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. तिचं नाव डोरोथी रीड. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ती शिकली, जिथं वर्गात पुरुषांपेक्षा बाया कमी होत्या. १९०२ साली तिनं अशा गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. त्यात तिला एक मोठी, वेगळी दिसणारी पेशी सापडली. तिनं ठामपणे लिहिलं की हा क्षय नाही, हा आजारच वेगळा आहे. ऑस्ट्रियाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनीही ती पेशी पाहिली होती, पण त्यांनी आजाराचं नातं क्षयाशी लावलं होतं. आज ती पेशी दोघांच्या नावानं ओळखली जाते.

या गोष्टीत आपल्या आजच्या बोलण्याचं मूळ आहे. गाठ हातानं चाचपून तिचं नाव कळत नाही. तुकडा काढून पाहिल्यावर कळतं.

आधी इलाज आले, नेमकं नाव नंतर

१८९५ साली जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरण सापडले. १८९८ साली पॅरिसमध्ये मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधलं. काही वर्षांतच डॉक्टरांच्या ध्यानात आलं की या किरणांचा शेक दिला तर लिम्फोमाच्या गाठी विरघळतात. इतर कर्करोगांपेक्षा या गाठी किरणांना लवकर दाद देतात. हा त्यांचा स्वभाव तेव्हाच दिसला होता. पण किती शेक द्यायचा, कुठवर द्यायचा, याचं माप नव्हतं. गाठी विरत आणि पुन्हा येत.

औषधाची गोष्ट तर अजून विचित्र आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड नावाचा विषारी वायू वापरला गेला. त्यानं मेलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या आढळल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात दोघा संशोधकांनी विचार केला: जे विष पांढऱ्या पेशी मारतं, ते पांढऱ्या पेशींच्या गाठीवर का चालू नये? त्यांनी त्याच जातीचं औषध लिम्फोमाच्या एका रुग्णाला टोचलं. गाठी झरझर लहान झाल्या. आनंद थोडे दिवस टिकला, कारण गाठी परत आल्या आणि तो माणूस वाचला नाही. पण आज आपण ज्याला ‘केमो’ म्हणतो त्याचा रस्ता तिथून सुरू झाला.

डोळ्याशी जवळची एक गोष्ट आफ्रिकेतली आहे. १९५७ साली युगांडात डेनिस बर्किट नावाच्या सर्जननी जबडा सुजलेलं एक मूल पाहिलं. मग अशी मुलं त्यांना जागोजागी दिसू लागली. कोणाचा जबडा सुजलेला, कोणाचा डोळा खोबणीतून बाहेर आलेला. त्यांनी १९५८ साली त्यावर लिहिलं आणि पुढं जुन्या मोटारीतून हजारो मैल फिरून कुठल्या भागात हा आजार होतो याची नोंद केली. तो लिम्फोमाच निघाला. फार वेगानं वाढणारा, पण औषधाला तितक्याच वेगानं दाद देणारा. म्हणजे एकाच घराण्यातले हे आजार, पण एक घोड्यासारखा पळणारा आणि एक गोगलगायीसारखा सरकणारा. दोघांचा इलाज एकच कसा असेल?

मुंबईत काय घडलं

आपल्या राज्यात या कामाची सुरुवात एका बाईच्या मरणातून झाली. मेहेरबाई टाटा. बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या, बायांच्या संघटना उभ्या करणाऱ्या. १९३१ साली त्या रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. रक्ताचा कर्करोग आणि लिम्फोमा ही सख्खी भावंडंच. दोन्ही पांढऱ्या पेशींचे आजार. त्यांचे पती दोराबजी यांनी १९३२ साली त्यांच्या नावानं रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढं टाटांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईच्या परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडं आहे.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा पहिल्यापासून उभ्या केल्या त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. तुकडा पाहून आजाराचं नाव सांगायचं, हे शास्त्र आपल्या देशात रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. ते कर्करोगावर काम करत आणि कुष्ठरोगावरही. वरोऱ्याच्या आनंदवनामुळं कुष्ठरोगाची भीती कशी असते आणि कशी जाते, हे आपल्या भागानं जवळून पाहिलं आहे. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे घडल्या. पेशी शरीराबाहेर बाटलीत वाढवून अभ्यासायची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. पुढं अहमदनगरच्या आदिवासी भागात त्यांनी आरोग्याचं काम केलं आणि खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविकेचं शिक्षण देण्यातही भाग घेतला. म्हणजे सूक्ष्मदर्शकापासून ओसरीपर्यंतचा रस्ता एका बाईनं चालून दाखवला आहे.

विदर्भाची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, ज्यांच्या भजनांनी १९४२ साली चिमूर पेटलं, ते १९६८ साली कर्करोगानं गेले. नागपूरचं कर्करोग रुग्णालय आज त्यांच्याच नावानं चालतं. आपल्या गावागावांत सामुदायिक प्रार्थना होते, तिथं हे नाव रोज घेतलं जातं. तेव्हा ‘कर्करोग’ हा शब्द तोंडातून काढायची भीती आपण का ठेवायची?

डोळ्याच्या गाठीचं नाव कधी कळलं

एवढं सगळं झालं तरी डोळ्याभोवतीच्या गाठीचं कोडं राहिलंच होतं. पूर्वी खोबणीत गाठ निघाली की सर्जनपुढं मोठा इलाज एकच असे. गाठीसकट डोळाच काढायचा. पुढं तुकडे पाहू लागले, तेव्हा नवी अडचण आली. यातल्या पुष्कळ गाठींतल्या पेशी दिसायला अगदी साध्या, निरोगी पेशींसारख्या. मग एक डॉक्टर म्हणे ही नुसती सूज, दुसरा म्हणे कर्करोग. एकीला गरजेपेक्षा जास्त इलाज मिळे, दुसरीला काहीच मिळत नसे.

१९७५ साली इंग्लंडमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या दोघांनी एक युक्ती शोधली. एका ठराविक पेशीलाच जाऊन चिकटेल असा पदार्थ प्रयोगशाळेत हवा तेवढा तयार करायचा. त्याचा फायदा असा झाला की तुकड्यावर तो पदार्थ टाकला, रंग आला, की कळतं ही पेशी कोणत्या जातीची. जत्रेत हरवलेलं पोर गोंदणावरून ओळखावं तसं. मग १९८३ साली इंग्लंडमधल्याच आयझॅकसन आणि राइट यांनी दाखवलं की पोटासारख्या ओल्या अस्तराच्या जागी होणारा एक संथ लिम्फोमा असतो, तो मानेतल्या गाठींच्या लिम्फोमापेक्षा वेगळा. डोळ्याभोवती सगळ्यात जास्त आढळतो तो याच जातीचा, हे पुढं स्पष्ट झालं. तो हळू वाढतो आणि बरेच दिवस एकाच जागी राहतो.

आणि मग इलाज बदलला. जागचा आजार असेल तर जागीच थोडा शेक पुरतो. पूर्वी ३० ते ४० ग्रे इतका शेक देत. ग्रे हे किरणांचं माप, जसं दुधाला लिटर. पुढच्या अभ्यासात दिसलं की या संथ जातीला २४ ग्रेही पुरतात. ते साधारण १२ बैठकांत देतात. काही रुग्णांना तर दोन बैठकांत मिळून ४ ग्रे देऊनही गाठ विरते, असा अनुभव आहे. शेक देताना काही मिनिटं स्थिर पडून राहायचं असतं. चेहऱ्यावर मापाचा जाळीदार मुखवटा बसवतात. डोळ्याच्या नाजूक भागाला शक्य तिथं आड लावतात. दुखत नाही. पुढं डोळा कोरडा पडू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. गेलेला डोळा परत येत नाही.

औषधातही तसंच झालं. त्या चिकटणाऱ्या पदार्थापासूनच रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन निघालं. अमेरिकेत १९९७ साली त्याला मान्यता मिळाली. ते फार महाग होतं. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं त्याचं आपल्या देशात बनवलेलं रूप आणलं. आजार शरीरात इतरत्र पसरला असेल किंवा वेगानं वाढणाऱ्या जातीचा असेल, तर हे इंजेक्शन केमोच्या औषधांसोबत देतात. उलट एखाद्या फार वयाच्या बाईची गाठ लहान असेल, काही त्रास देत नसेल, तर डॉक्टर नुसतं ठराविक दिवसांनी तपासत राहायचंही ठरवतात. तोही इलाजच आहे, पण तो नाव कळल्यावरचा. न दाखवता घरी बसणं वेगळं.

बघा बायांनो, दोनशे वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. नाव जितकं नेमकं कळत गेलं, तितका इलाज हलका होत गेला. डोळा काढण्यापासून सुरू झालं आणि थोड्या दिवसांच्या शेकापर्यंत आलं.

सुरीची भीती

म्हणून तुकडा तपासणीची भीती सगळ्यात महाग पडते. ‘गाठीला सुरी लावली की कर्करोग पसरतो’ असं आपण ऐकत आलो. लिम्फोमाच्या बाबतीत हे खरं नाही. तो तुकडा काढल्यानं पसरत नाही. तुकडा काढल्याशिवाय मात्र इलाज ठरत नाही. गाठ डोळ्याच्या पडद्यावर असेल तर जागा बधिर करून लहानसा तुकडा घेतात. खोबणीत खोल असेल तर आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून मग छोट्या ऑपरेशननं घेतात. त्यानंतर छाती-पोटाचं स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, कधी हाडातल्या मगजाची तपासणी होते. आजार डोळ्याजवळच आहे की दुसरीकडंही आहे, ते यातून कळतं. कावीळ ब ची तपासणीही करतात, कारण रिटुक्सिमॅबमुळं लपलेली कावीळ उसळू शकते.

दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. पहिली: मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचे थेंब किंवा गोळ्या आणू नका. त्यानं ही गाठ काही दिवस बसते. वाटतं बरं झालं. पण ती लपलेली असते, आणि मग तुकड्यातही नीट दिसत नाही. दुसरी: तुकडा तपासल्यावर मेणात बसवलेला ठोकळा आणि काचा उरतात. रुग्णालय बदलावं लागलं तर कागदांसोबत त्याही मागून न्या. नाहीतर पुन्हा तुकडा काढायची वेळ येते.

२००४ साली इटलीच्या डॉक्टरांना अशा काही गाठींत पक्ष्यांपासून येणारा एक जंतू सापडला आणि साध्या प्रतिजैविकानं काही गाठी कमी झाल्या. ही गोष्ट ऐकून कोणी गोळ्या आणायला धावू नका. इतर देशांत तपासलं तेव्हा तो जंतू सगळीकडं सारखा सापडला नाही. त्या गोळीचा निर्णय डॉक्टरांचा.

आपल्या दारापर्यंत काय आलं

चंद्रपूरला २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, नागपूरचं १९४७ पासून. आपली माजरीची रेल्वेलाइन एका बाजूनं वर्धा-नागपूरला जाते आणि दुसऱ्या बाजूनं बल्लारशाहवरून तेलंगणात. तिकडं हैदराबादला १९८७ साली सुरू झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डोळ्यांच्या कर्करोगावर काम करते.

पैशाचं काय? २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपला गडचिरोली होता. २०१३ साली ती सगळ्या राज्यात आली, आणि २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कर्करोगाचं ऑपरेशन, केमो आणि शेक हे तिच्यात येतात. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटायचं. तोच पुढचं सांगतो.

आणि शेवटची गोष्ट. इलाज संपला की काम संपलं असं नाही. ही संथ गाठ काही जणींना वर्षांनी दुसऱ्या डोळ्यात किंवा शरीरात दुसरीकडं परत येते. म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवायची नाही. गटाच्या वहीत हप्त्याची तारीख लिहितो, तशी ही तारीखही लिहा.

आपल्या घरात, शेजारात एखादी आजी पदर डोळ्यावर ओढून बसत असेल, तर तिला उजेडात आणा. पापणी खाली करून बघा. गुलाबी चट्टा असेल, एक डोळा पुढं आला असेल, आणि तीन आठवड्यांत बसला नसेल, तर आशाताईला सोबत घेऊन तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या. तिनं साऱ्या घराचे डोळे पुसले आहेत. तिच्या एका डोळ्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडाली तर बुडू द्या.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

आपल्या गावात न दुखणारी गाठ किती दिवस घरात राहते, आणि का?

घरातल्या म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात न्यायचं की नाही, हे कोण ठरवतं?

‘सुरी लागली की पसरतं’ असं कोणी म्हटलं, तर आपण काय उत्तर देऊ?